पॉवर प्रेसवर बोटं जाऊ नयेत म्हणून: सेन्सर घेण्याआधी क्लच बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तुमचं प्रेस शॉप आहे, म्हणजे दाब देणाऱ्या मशीनवर पत्रा कापायचं-वाकवायचं काम. १० टनापासून ६३ टनापर्यंत अकरा प्रेस, त्यातले नऊ जुने पिन किंवा 'की' (खाचेत बसणारी खुंटी) क्लचचे आणि दोन एअर क्लचचे. क्लच म्हणजे फिरत्या चाकाचा जोर रॅमला, म्हणजे वरून खाली येणाऱ्या भागाला, जोडणारी यंत्रणा. वर्षभरात दोघांना इजा झाली. अडकलेला पीस काढताना एका हेल्परच्या तर्जनीचं पेर गेलं आणि एका ऑपरेटरचा अंगठा डबल स्ट्रोकमध्ये (एकदा पेडल दाबून रॅम दोनदा येणं) सापडला. तुम्ही हातमोजे दिले, पाट्या लावल्या, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला. आता सगळ्या अकरा प्रेसना सेन्सर, म्हणजे लाइट कर्टन (हात आत गेला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा), बसवायचं कोटेशन आलंय. हा खर्च करावा का आणि माणसं नियम पाळत नाहीत त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. नऊ जुन्या प्रेसवर तो सेन्सर बसवू नका. पैसे तर जातीलच, पण सेन्सर आहे या भरवशावर माणूस जास्त बिनधास्त हात घालेल.

कारण क्लचमध्ये आहे. पिन किंवा 'की' क्लचच्या प्रेसवर पेडल दाबलं की ती 'की' फ्लायव्हीलच्या (सतत फिरणाऱ्या जड चाकाच्या) खाचेत बसते आणि क्रँकशाफ्टचा (रॅम वरखाली करणाऱ्या दांड्याचा) एक फेरा पूर्ण होईपर्यंत सुटत नाही. रॅम खाली निघाला की तो खाली जाणारच. सेन्सरने हात पाहिला, सिग्नल दिला, मोटरची वीज तोडणारा कॉन्टॅक्टरही पडला, तरी फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर तो स्ट्रोक पुरा करतो. मधेच थांबवायला तिथे काही नाहीच. एअर क्लचचं तसं नसतं. हवा सोडली की क्लच सुटतो, ब्रेक लागतो आणि रॅम अर्ध्या वाटेत थांबतो. सेन्सरचा उपयोग फक्त अशाच प्रेसवर.

'मग दोन हातांची बटणं लावू' हे पुढचं सुचणं असतं. जुन्या प्रेसवर त्याचाही हिशोब करून बघा. बटणं दाबल्यावर पिनला खाच समोर येईपर्यंत थांबावं लागतं. खाच एकच असेल तर वाईटात वाईट एक पूर्ण फेरा, आणि मग रॅम खाली यायला अर्धा फेरा. म्हणजे दीड फेरा. प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकचा असेल तर हा दीड सेकंद झाला. माणसाचा हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे जातो असं धरायची रीत आहे. दीड सेकंदात तो २.४ मीटर जाईल. बटणं डायपासून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून) इतकी लांब नसतील, तर दाबून सोडलेला हात रॅमच्या आधी डायमध्ये पोचू शकतो. अडीच मीटरवर उभं राहून कोण पीस लावणार? स्ट्रोक जास्त असतील किंवा फ्लायव्हीलच्या बुशला दोन-तीन खाचा असतील तर अंतर कमी होतं, पण छोट्या शॉपच्या प्रेसवर ते बहुधा कामाचं उरत नाही.

म्हणून नऊ प्रेसवर एकच गोष्ट खात्रीने चालते. हात डायपर्यंत पोचताच येऊ नये आणि पोचायची गरजही पडू नये. तुमचा पैसा इथे घाला, आणि यातलं बरंचसं काम तुमच्याच टूलरूममध्ये होईल.

सुरुवात ब्लँकिंग आणि पिअर्सिंगपासून (पत्र्यातून तुकडा कापणं आणि भोकं पाडणं) करा, जिथे पट्टी सरकवत काम होतं. तिथे डायभोवती पक्का पिंजरा बसवा. १० मिमीच्या सळ्या वेल्ड करून किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा लावून तो होतो. ॲक्रिलिक वापरू नका, फुटलं की त्याचे धारदार तुकडे होतात. पिंजरा प्रेसच्या बॉडीला कायमचा लावण्यापेक्षा प्रत्येक डायला तिचा स्वतःचा असलेला बरा. डाय रॅकवर जाईल तेव्हा पिंजराही तिच्याबरोबर जाईल, आणि 'या डायला तो बसत नाही म्हणून काढून ठेवला' हे कारण उरणार नाही. नटबोल्ट असे लावा की हाताने सुटणार नाहीत, पाना लागेल. विंग नट लावलेला पिंजरा आठवडाभरात भिंतीला टेकलेला दिसतो.

फटींकडे बारकाईने बघा. लांबट फट ६ मिमीपर्यंत असेल तर ती धोक्याच्या जागेपासून निदान १० मिमी लांब हवी. ८ ते १० मिमीची फट असेल तर ८० मिमी, आणि १२ ते २० मिमीची असेल तर १२० मिमी. २० मिमीच्या वर गेलात तर लांबट फटीतून हात खूप आत जातो आणि अंतर ८५० मिमीवर जातं, म्हणजे तो पिंजरा नावापुरताच. दीड मिमीच्या पत्र्याला ५-६ मिमीची फट पुरते, पण पट्टी वाकडी येते म्हणून फट २५ मिमी केलेली अनेक ठिकाणी दिसते. पट्टी वाकडी येत असेल तर पट्टी सरळ करा किंवा तोंडाशी गाइड लावा.

पट्टीच्या शेवटच्या तुकड्याकडे विशेष लक्ष द्या. पट्टी लांब असते तोवर हात दूर असतो. शेवटचे दोन-तीन पीस उरतात तेव्हा बोटं डायच्या तोंडाशी येतात, आणि 'एवढा पीस कशाला वाया घालवायचा' म्हणून माणूस ढकलत राहतो. किती लांबीचं टोक भंगारात टाकायचं ते डायप्रमाणे ठरवा आणि फीड टेबलवर रंगाची रेघ ओढा. टोक रेघेच्या आत आलं की ते भंगार. मालकाने हे स्वतः सांगितल्याशिवाय ऑपरेटरचा धीर होत नाही, कारण मटेरियल वाया गेल्याचं बोलणं त्यालाच खावं लागतं.

अवघड काम बेंडिंग-फॉर्मिंगचं, म्हणजे वाकवून आकार देण्याचं, जिथे एकेक ब्लँक (कापलेला तुकडा) डायमध्ये ठेवावा लागतो. बोटं जास्त इथेच जातात. तुमच्या हेल्परचा अपघात याच जातीचा. इथे उपाय पीसवर अवलंबून आहे. पीस छोटा आणि चपटा असेल तर खणासारखी सरकती प्लेट करा. खण बाहेर ओढायचा, पीस ठेवायचा, आत ढकलायचा, आणि खण पूर्ण आत गेल्याशिवाय पेडल सुटणार नाही अशी अडकण ठेवायची. पीस गोल किंवा घसरणारा असेल तर उतरता शूट लावून तो लोकेटरवर आपोआप जाऊन बसेल असं करता येतं. पीस चिकटून राहतो म्हणून हात जात असेल तर डायमध्ये स्प्रिंगचा इजेक्टर घाला, किंवा मागून हवेचा फवारा द्या. हवेचा नोझल साधा नको, आवाज कमी करणारा घ्या, नाहीतर दिवसभर कानाशी तो कर्कश आवाज.

यातलं काहीच जमत नसेल तेव्हा चिमटा किंवा चुंबकाची दांडी. चिमटा ॲल्युमिनियमचा करा. रॅमखाली सापडला तर तो चेपेल, डायची धार वाचेल. पोलादी चिमट्याने पंच तुटतो, आणि पंच तुटला की ऑपरेटरला बोलणी बसतात म्हणून तो पुन्हा बोटांनीच काम करू लागतो. मात्र चिमटा पिंजऱ्याची जागा घेत नाही. तो हाताची सवय बदलतो, चुकलेल्या हाताला अडवत नाही.

हातमोज्यांबद्दल. पत्र्याच्या धारेने हात कापू नयेत म्हणून ते द्याच, पण प्रेसखाली मोजा काहीही वाचवत नाही. ड्रिल आणि टॅपिंग मशीनवर तर मोजे पूर्ण बंद ठेवा, फिरणाऱ्या बिटात मोजा गुंडाळला की हात त्याच्यामागे ओढला जातो.

आता डबल स्ट्रोक, म्हणजे तुमचा दुसरा अपघात. एकदा पेडल दाबलं आणि रॅम दोनदा आला. हे नशिबाने होत नाही, कोणता तरी भाग झिजलेला, तुटलेला किंवा सैल असतो. कीची काम करणारी कड गोल झाली, कीची स्प्रिंग तुटली किंवा ताणली गेली, 'की' परत ओढणारा लॅच झिजला, पेडलची स्प्रिंग मेली, किंवा ब्रेक सैल झाला, यांपैकी एक. ब्रेकची गोष्ट जास्त वेळा असते. या प्रेसचा ब्रेक क्रँकवर सतत घासत राहतो, त्यामुळे तो तापतो आणि वास येतो. वास आला की कुणीतरी बोल्ट दोन आटे सैल करतो. मग क्रँक वरच्या टोकाला थांबायच्या ऐवजी थोडा पुढे घसरतो आणि एखाद दिवशी स्वतःच खाली येतो. बेअरिंगमधलं तेल लायनिंगवर उतरलं तरी तेच.

रोज शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांची तपासणी ठेवा. डायमध्ये पीस नाही, हात लांब, पेडल दाबून तसंच धरून ठेवा. रॅम एकदाच यायला हवा. पाय न उचलता दुसरा स्ट्रोक आला तर सिंगल स्ट्रोकची यंत्रणा गेलेली आहे, प्रेस बंद. मग दहा स्ट्रोक मारा आणि प्रत्येक वेळी क्रँक कुठे थांबतो ते बघा. क्रँकच्या टोकावर आणि बॉडीवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढून ठेवली की हे लांबूनही दिसतं. रेघा जुळत नाहीत, क्रँकची रेघ दिवसागणिक पुढे सरकतेय, असं दिसलं की ब्रेक उघडा. 'की' बदलाल तेव्हा फ्लायव्हीलच्या बुशची खाचही बघा. झिजलेल्या खाचेत नवी 'की' घातली तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा गोल होते. स्प्रिंग शक्यतो दाबाची घ्या, ताणाची नको. दाबाची स्प्रिंग तुटली तरी वेटोळी जागेवर राहून थोडंफार काम करतात, ताणाची तुटली की सगळं सुटतं.

पेडलवर तिन्ही बाजूंनी आणि वरून कव्हर हवंच, पाय मुद्दाम आत घातल्याशिवाय दाबलं जाता कामा नये. स्क्रॅपचा तुकडा पडूनही पेडल दबतं. आणि पाय सतत पेडलवर ठेवून काम करायची सवय दिसली तर ती पहिल्याच आठवड्यात मोडा.

डाय सेटिंग आणि अडकलेला पीस काढणं याला वेगळा नियम लावा, कारण तेव्हा पिंजरा उघडलेला असतो. मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाला असं नसतं. फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर पेडलला पाय लागला तर स्ट्रोक येतो. म्हणून क्रम असा: मोटर बंद, चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट, मेन स्विच खाली करून त्याला कुलूप, किल्ली जो हात घालणार त्याच्या खिशात, मग रॅमखाली ठोकळा, आणि मग हात. ठोकळा लाकडाचा नको. ॲल्युमिनियमचा भरीव घ्या, प्रेसला साखळीने बांधा आणि त्याचा प्लग मोटरच्या कंट्रोल सर्किटमध्ये ठेवा. ठोकळा जागेवरून काढला की प्लग निघतो आणि मोटर सुरूच होत नाही. सेटिंग करताना रॅम हाताने फिरवायला सळई चाकात घालतात. ती स्प्रिंगने आपोआप बाहेर पडणारी करा. विसरलेली सळई चालू चाकातून फेकली जाते, ती कुठे जाईल सांगता येत नाही.

दोन एअर क्लचच्या प्रेसवर सेन्सर जरूर लावा, पण अंतर मोजून. समजा बटण सोडल्यापासून रॅम थांबेपर्यंत ०.२ सेकंद आणि सेन्सर-रिलेचा वेळ ०.०३ सेकंद, एकूण ०.२३. जवळच्या अंतराला हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. म्हणजे १४ मिमी रिझोल्यूशनचा (इतकी बारीक वस्तूही ओळखणारा) सेन्सर डायपासून निदान ४६० मिमी लांब हवा. रिझोल्यूशन ३० मिमीचं असेल तर त्याहून लांब. पुढून सेन्सर आणि बाजू उघड्या असं करू नका, बाजूंना जाळी हवी. सेन्सर आणि डाय यांच्यामध्ये माणूस उभा राहू शकेल इतकी मोकळी जागाही नको. वायरिंग सेफ्टी रिलेतूनच, साध्या पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटवर नाही, आणि क्लचचा व्हॉल्व्ह दुहेरी घ्या, म्हणजे एक अडकला तरी दुसरा हवा सोडतो. थांबायचा वेळ वर्षातून एकदा मीटर लावून मोजून घ्या. ब्रेक झिजला की हा वेळ वाढतो आणि सेन्सर मात्र आहे तसाच दिसत राहतो. दोन हातांची बटणं या प्रेसवर चालतात, फक्त ती दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच स्ट्रोक यावा आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सुटलीच पाहिजेत. नाहीतर एका बटणावर चिकटपट्टी लागते. आणि बटणं फक्त ऑपरेटरचे हात वाचवतात, शेजारी उभ्या हेल्परचे नाही.

माणसं नियम पाळत नाहीत याकडे येतो. मिनिटाला १२ पीस धरले तर आठ तासांत ५,७६० वेळा हात आत जातो आणि बाहेर येतो. बारा तासांची शिफ्ट असेल तर ८,६४०. इतक्या वेळा न चुकता कुणालाही जमणार नाही, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. म्हणून 'लक्ष देऊन काम करा' ही पाटी लावून जबाबदारी संपत नाही. आपल्याकडे तर शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून रात्रभर बाऱ्यावर असलेला माणूस सकाळी सातला पहिल्या शिफ्टला हजर होतो. द्राक्षछाटणीच्या दिवसांत हे जास्त. अशा माणसाला त्या दिवशी पॅकिंगला किंवा डीबरिंगला (धारदार कडा घासण्याला) लावा, प्रेसवर नको. त्याने ते स्वतःहून सांगावं, आणि सांगितल्यामुळे त्याचा रोज बुडू नये, एवढी सोय तुमच्या हातात आहे.

दंड बंद करा. दंडामुळे पिंजरा काढलेला दिसायचा थांबतो, काढायचा थांबत नाही. तुम्ही शॉपमध्ये शिरलात की तो लावला जातो. त्याऐवजी काढण्यामागचं कारण विचारा. बहुतेकदा स्क्रॅप अडकतं, दिसत नाही, किंवा टार्गेट पुरं होत नाही, आणि तिन्हीवर टूलरूममध्ये इलाज आहे. पीस रेटवर काम असेल तर पिंजऱ्यासह किती पीस निघतात ते तासभर मोजून दर पुन्हा ठरवा. डबल स्ट्रोक आला आणि कुणाला लागलं नाही, तरी त्याची नोंद करणाऱ्याला शाबासकी द्या. तुमच्या ऑपरेटरच्या अंगठ्याआधीही त्या प्रेसने कुणाला तरी इशारा दिला असण्याची शक्यता मोठी आहे. शिकवणं ज्याच्या त्याच्या भाषेत करा. तुमच्याकडे पेठ-सुरगाण्याची मुलं असतील तशी बिहार-उत्तर प्रदेशचीही असतील, इंग्रजी पाटी दोघांनाही परकी. १८ वर्षांखालचा कुणीही प्रेसच्या जवळ नको, ठेकेदाराने आणलेला असला तरी.

कायद्याचं थोडक्यात. यंत्राच्या धोकादायक भागाला पक्कं कुंपण १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ मागत होतं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली), आणि कुंपणाची जबाबदारी मालकाची, ऑपरेटरची नाही. अपघातानंतर कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर ते औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला कळवावं लागतं. ठेकेदाराच्या माणसाचीही ईएसआय (राज्य कामगार विमा) नोंदणी तो कामाला लागेल त्याच दिवशी करून घ्या. नोकरीतल्या इजेसाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नसते आणि तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. नोंदणीच नसली तर भरपाईचं सगळं तुमच्यावर येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बँडेज बांधलेला माणूस कागदांसाठी फिरत बसतो.

हे सगळं करायला दोन-तीन महिने जातील. तोवर डबल स्ट्रोकची रोजची तपासणी आणि कुलूप-ठोकळ्याचा नियम उद्यापासून सुरू करा, त्याला खर्च जवळजवळ नाही. मग ज्या डायवर हात सर्वात जास्त वेळा आत जातो ती पहिली घ्या.

आणि प्रत्येक शिफ्टमध्ये निदान दोघांना पुढचं पाठ असू द्या. हात रॅमखाली अडकला तर पेडल दाबून सोडवायचा प्रयत्न करू नका. मेन बंद करा, चाक हाताने उलट फिरवून रॅम वर घ्या. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा. हळद, कॉफी, काही लावू नका. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. लोंबकळणारा भाग तोडू नका, तसाच आधार देऊन गुंडाळा. तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्याने हळूच धुवा, ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर किंवा थेट पाण्यात ठेवू नका, पेशी मरतात. जखमीला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागेल. हाताची शस्त्रक्रिया करणारा प्लास्टिक सर्जन रात्री कोणत्या रुग्णालयात मिळतो हे आजच फोन करून विचारून ठेवा आणि तो नंबर प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. पेटीत दोन रिकाम्या झिप पिशव्या ठेवा. पिशवीवर अपघाताची वेळ लिहा आणि जखमीबरोबर जाणाऱ्या माणसाने ती शेवटपर्यंत स्वतःच्या हातात ठेवावी, गाडीच्या डिकीत नाही.